लाल तारखांच्या बाहेरचा मंगळवार

सकाळी सहाला अमरावतीच्या राजापेठेतून एसटी पकडायला निघाले, तेव्हा शेजारच्या काकू फाटकाशी झाडत होत्या. "एवढ्या सकाळी कुठं?" त्यांनी विचारलं. फिरायला जाते म्हटलं. "पितरांत?" झाडू थांबला. "आणि आज सुट्टी कशाची गं?" कशाचीच नाही, रजा टाकली आहे, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी जणू घर सोडून पळून चालले होते.

पाऊस सरला की आमच्याकडे सगळ्यांना पाय फुटतात, पण ते कॅलेंडरच्या लाल तारखा बघूनच फुटतात. आमच्या घरी जानेवारीत नवं कॅलेंडर आलं की नवरा पेन घेऊन बसतो. दसरा कोणत्या वारी, दिवाळी कोणत्या वारी, गुरुवारी सुट्टी आली तर शुक्रवारची एक रजा टाकून चार दिवस कसे जोडायचे, हे सगळं संक्रांतीच्या आत ठरलेलं असतं. मीही यात सामील असते, उगाच साळसूदपणा कशाला! पण यंदा ते कॅलेंडर बघितलं की माझं डोकं तडकत होतं, आणि त्याला कारण वनिता.

वनिता आणि मी अकोल्याच्या जुन्या शहरात एका बाकावर बसून शिकलो. मी अमरावतीला एका कॉलेजच्या ऑफिसात चिकटले. ती पूर्णेच्या पलीकडे, एका माळी घरात पडली. दोन एकर वावर (शेत), त्यात झेंडू आणि शेवंती. तिच्या वावरातून उत्तरेला सातपुडा दिसतो आणि त्यातल्या एका डोंगरावर जुना किल्ला आहे. किल्ल्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर पुढच्या जोडसुट्टीला तुम्ही सगळे तिथं वेफर्सची पाकिटं टाकायला जाल.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही सात शाळेतल्या मैत्रिणी त्याच किल्ल्यावर निघालो होतो. वाटेत वनिताच्या वावरात गाडी थांबवली. ती पहाटेपासून फुलं तोडत होती, बांधावर टेम्पो उभा होता. आमच्या बाया मात्र थेट पिवळ्याधमक वाफ्यांत शिरल्या. फोटो काय, केसांत फुलं काय, एकीनं तर झाडं तुडवून वाफ्यात बसकणच मारली. "वने, एक दिवस तरी सुट्टी घे की गं!" असं एक जण म्हणाली. वनिता हसली. निघताना मात्र ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मंगले, वरून माहं वावर दिसते का थे पाह्यजो. सव्वीस वर्षं झाले इथून डोंगर पाहून राह्यली, तिथून आपलं वावर कसं दिसते थे एकदा पाह्याचं हाये मले."

मी वर गेले, फोटो काढले, भजी खाल्ली, खाली आले. वावर बघायचं साफ विसरले. संध्याकाळी तिचा फोन आला, तेव्हा ढग होते म्हणून थाप मारली. लाज वाटते लिहायला, पण मारली. नंतर त्याच बायांनी ग्रुपवर लिहिलं, की वनिता कधीच कुठं येत नाही, तिला आपल्यात रस उरला नाही. त्या दिवशी माझं टाळकं फिरलं आणि मी वनितालाच विचारलं, तुला कधी जमेल तेवढं सांग.

तिनं फोनवर एक एक दिवस खोडला. गणपतीत फुलं, महालक्ष्म्यांत फुलं, नवरात्र, दसरा, दिवाळी, तुळशीचं लग्न, मार्गशीर्षातले गुरुवार. "तुमच्या लाल तारखा त्या माह्या मरनाच्या कामाच्या," ती म्हणाली. "पितरांत तेवढं झेंडूले कोनी पुसत नाही. बुधवारी घरी सासऱ्याची तिथ हाये. मंगळवारी येतो मी." मी ग्रुपवर टाकलं. पितरांत कोणी फिरतं का, मंगळवारी रजा कोण देतं, असे निरोप आले आणि सहाच्या सहा जणी गळाल्या. गळा म्हणावं!

तर मूर्तिजापूरमार्गे एसटी अकोल्याला पोचली. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, तूर आणि कपाशी मात्र हिरवीगार होती. शेजारच्या बाईनं कुठं चालले विचारलं आणि ऐकून म्हणाली, "किल्ल्यावर? आज? तिथं तर कोनीच नसन." म्हणूनच चालले, असं मी जरा तोडूनच सांगितलं. तिनं शांतपणे पिशवीतला पेरू काढून मला दिला. माझा राग असा कुणावरही निघतो, ही माझी खोड आहे.

अकोला स्टँडवर दोन आलूबोंडे आणि तळलेल्या मिरच्या खाऊन दुसरी बस धरली. वनिता फाट्यावरच उभी होती. इस्त्रीची साडी, पायात नवे बूट आणि हातात कापडात बांधलेली शिदोरी. बूट लेकीचे आहेत, एक नंबरानं मोठे आहेत, म्हणून पुढं कापूस कोंबलाय, असं तिनं मला पाय उचलून दाखवलं. मला हसू आलं.

पुढचं अंतर आम्ही ऑटो ठरवून गेलो. डोंगर जवळ येत गेला तशी ती बाहेर वाकून बघू लागली. पायथ्याशी ऑटो थांबला. गेटला साखळी, साखळीला कुलूप. आत खुर्चीवर एक चौकीदार रेडिओ ऐकत बसला होता.

"आज बंद हाये, बाई. मंगळवारी बंदच राह्यते."

मी आजवर इथं तीनदा आले होते, तिन्ही वेळा सणाच्या सुट्टीत. ही जागा कधी बंद असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आठ महिने आधी सुट्ट्या जोडणारी मी, आठवड्यातला एक वार विचारायला विसरले!

"उद्या या न," चौकीदार म्हणाला. "नाहीतर सुट्टीच्या दिवशी या, तवा उघडंच राह्यते."

"सुट्टीच्या दिवशीच तर हिला येता येत नाही!" मी ओरडले. "वर्षातून एक दिवस मिळतो तिला, एक! तिच्या फुलांचं तोरण तुमच्या या गेटाला चालतं, आणि ती आली की कुलूप? फोटोवाल्या गर्दीला मोकळं रान, आणि कामाच्या माणसाला बंद? हा कुठला न्याय आहे?" आणखीही पुष्कळ बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तो उठून उभा राहिला. पन्नाशीचा असेल. "बाई, दसरा-दिवाळीले इथं पाय ठेवाले जागा नसते," तो म्हणाला. "घरी सन असते अन् मी इथं गाड्या लावून राह्यतो. म्हून हा एक वार बंद असते. आजची सुट्टी माही होती. जोडीदार आजारी पडला म्हून बसलो."

वनितानं माझा दंड धरला. "काहून बोलून राह्यली त्याले? त्याचं बी माह्यासारखंच हाये." मग तिनं गेटाशेजारच्या कडुलिंबाखाली शिदोरी सोडली. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, बरबटीच्या (चवळीच्या) शेंगांची भाजी. "या दादा, जेवून घ्या," तिनं त्याला हाक मारली. तो संकोचत आला. दोघं पावसाबद्दल आणि रानडुकरांबद्दल बोलत निवांत जेवले. मी फणफणत घास गिळले. ठेचा मात्र असा जमला होता, की रागातही दुसरी भाकर मागून घेतली.

परतताना तिच्या वावरावर उतरलो. गणपतीचा झेंडू उपटून झाला होता, दसऱ्याच्या झेंडूला नुकत्या कळ्या धरल्या होत्या, सगळा पट्टा हिरवाच होता. वनितानं बूट काढून बांधावर ठेवले आणि अनवाणी वाफ्यात शिरली. मी तिला सॉरी म्हणाले. गेल्या वर्षीची ढगांची थापही कबूल केली.

"समजलं होतं मले," ती गवत उपटत म्हणाली. "त्या दिवशी ढग कुठी होते? मी दिवसभर वावरातच होती न." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आज वर गेलो असतो तरी वावर दिसलं नसतं, मंगले. पऱ्हाटी (कपाशी) हिरवी, तूर हिरवी, माहा झेंडू बी हिरवा. हिरव्यात हिरवं काय ओळखू येईन? थे दसऱ्यालेच ओळखू येते, पिवळं झालं की."

आणि दसऱ्याला ही खाली तोडत असते. मी विचारलं, "हे तुला सकाळी ठाऊक होतं?"

"होतं न."

"मग आलीस कशाला बूट घालून?"

"तू रजा टाकली न माह्यासाठी," वनिता म्हणाली. "आजवर कोनी टाकली नव्हती."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी अमरावतीपर्यंत रडत आले, आणि शेजारच्या माणसानं काय झालं विचारलं तेव्हा त्याच्यावरही खेकसले. घरी पोचले तेव्हा साडेसात झाले होते. नवरा दारातच होता. "झाला का किल्ला बघून?" त्यानं विचारलं.

"बंद होता."

"म्हणजे एक रजा फुकटच गेली," तो हळहळला.

चपला काढायच्या आतच मी त्याच्याशी भांडायला सुरुवात केली.