वळणाआधीचा गिअर

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान नागपूरहून दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार घेऊन सिहोऱ्याला आले आणि अंगणातच त्यांचं लेक्चर सुरू झालं. "डबल क्लच हाय. पुढचा गिअर गाडी आधीच तयार ठेवते. बायांले त एकदम सोपी."

माझं डोकंच फिरलं. मी गिअर शिकले ते बाबांच्या ट्रॅक्टरवर, रोवणीआधीच्या चिखलणीत. आमच्या घरचा नियम एकच: गिअर धुऱ्यावर, शेताच्या कडेलाच टाकायचा, मगच धानाच्या बांधीतल्या चिखलात उतरायचं. चिखलात गिअर बदलायला थांबलं, की ट्रॅक्टर रुतलाच समजा.

मी चावी मागितली. भाऊजी बाजूला बसले. राइस मिलजवळचं वळण दिसताच मी गाडी मॅन्युअलवर घेतली आणि स्टीअरिंगमागची पट्टी ओढून खालचा गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं, गाडी रस्त्याला चिकटून वळली.

"अवं, कायले हात लावून राहिली? ऑटोवर राहू दे! गाडीले सारं समजते!"

"गाडीले सारं समजते, त भाऊजी," पुढच्या वळणाआधी पुन्हा पट्टी ओढत मी म्हटलं, "तुमी कायले बोलून राहिले?"