जिथे माती पोचत नाही

दस्तगीरभाई पहिल्यांदा माझ्याकडे आले ते पत्ता विचारायला. मी तेव्हा म्हसवडच्या हायस्कुलात भूगोल शिकवत असे. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दारात एक उंच, वाळलेला माणूस चपला हातात घेऊन उभा राहिला. भुवयांवर दगडाची भुकटी बसलेली. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो इंग्रजी पत्ता कुटला, तेवडं सांगा. जाऊन यीन म्हनतो."

कागद मुंबईच्या एका बोट कंपनीचा होता. त्यांचा एकुलता मुलगा रशीद मालवाहू बोटीवर इंजिनाला तेल घालायच्या कामावर होता. वादळात बोट बुडाली, कोणी वाचलं नाही, एवढं त्यांना पोस्टात कुणीतरी वाचून दाखवलं होतं. खाली बोटीची शेवटची जागा अक्षांश-रेखांशांत लिहिली होती. त्यालाच ते पत्ता समजले होते.

मी नकाशा उलगडला आणि त्या जागेवर बोट ठेवलं. सगळीकडे निळंच होतं.

"हितं गाव न्हाई?"

"नाही."

"मग मानूस जातो कुटं?"

"खाली. तळाला."

"किती खाली?"

"कोसभर."

दस्तगीरभाई विहिरी पाडायचे. माण तालुक्यातल्या निम्म्या विहिरींचे सुरुंग त्यांच्या हातचे, असं लोक म्हणत. साठ-सत्तर फुटांखालचं जग त्यांच्या ओळखीचं होतं. कोसभर म्हटल्यावर त्यांनी नकाशावरच्या निळ्यावरून हात फिरवला. मग त्यांच्या धंद्याचा प्रश्न आला, "तळ कसला हाय? मुरूम, का फत्तर?"

मी शिकलो होतो ते सांगितलं. समुद्राच्या तळाशी गाळ असतो, पिठासारखा मऊ, आणि तो वरून सारखा पडतच असतो.

"आमच्यात मूठ-मूठ माती द्यायची असती," ते म्हणाले. "माजी ऱ्हायली. आपसूक पडती म्हनता, मंजी बरं हाय."

त्यानंतर ते अधूनमधून येत राहिले. कधी बाजाराच्या दिवशी, कधी कामावरून परतताना. घरी त्यांची बायको, खातूनबी, रशीद मेला हे मानायला तयार नव्हती. बोट दुसऱ्या मुलखात लागली असेल, म्हणायची. तिच्यासमोर समुद्राचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून ते माझ्याकडे येऊन बोलत. मलाही त्यांचं बोलणं आवडायचं. एकदा ते मला सिद्धनाथाच्या देवळापलीकडच्या एका विहिरीत घेऊन उतरले. पहारीचं टोक खडकावर आपटायचे आणि कान लावायचे. "आवाज बसका आला की भेग हाय म्हनायचं. टणक आला की मग दारू भरायची." पाणी कुठे लागेल हे मात्र ते कधी छातीठोक सांगत नसत. "हितं पानी हाय म्हननारा उतरत न्हाई मास्तर, आन उतरनारा कवा म्हनत न्हाई." आणि कुणी फारच खोदून विचारलं तर, "खालचं वरनं कळत न्हाई गड्या," म्हणून विषय संपवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांचा एक वर्ग सांगलीला, विश्रामबागच्या एका कॉलेजात भरला. तिथे एका प्राध्यापकांनी जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. समुद्राचा तळ पृथ्वीइतका जुना नाही. महासागरांच्या मधोमध पाण्याखाली हजारो मैल डोंगरांची रांग आहे. तिचा माथा उकलतो, आतून तापलेला रस वर येतो, थिजून काळा खडक होतो. तोही पुन्हा उकलतो, आणि आधीचा खडक दोन्ही अंगांना सरकत जातो. नवा तळ सतत तयार होतो, सरकतो, आणि दूर कुठेतरी दुसऱ्या कडेला परत पृथ्वीच्या पोटात जातो. मी वह्या भरून लिहून घेतलं. आपल्या महाराष्ट्राचा काळा दगड आणि तो तळ एकाच जातीचे, हे ऐकल्यावर तर मला सगळ्यात आधी दस्तगीरभाई आठवले.

मी म्हसवडला परतलो त्याच आठवड्यात ते शाळेत आले. वर्ग रिकामा होता. मी त्यांना बाकावर बसवलं आणि फळ्यावर समुद्र काढला, डोंगररांग काढली, वर येणारा रस आणि दोन्ही अंगांना सरकणारा तळ काढला. "तुम्ही जन्मभर फोडता ना, तोच दगड," मी म्हणालो. ते पुढे सरकून बघत होते. मी रशीदच्या बोटीचे अक्षांश-रेखांश मोजून फुली मारली. फुली डोंगररांगेच्या माथ्याला लागूनच आली, आपल्या बाजूच्या उतारावर. मला त्याचाही आनंद झाला. "म्हणजे अगदी नवा तळ. अजून त्याच्यावर गाळ साठायलाही वेळ मिळालेला नाही."

"माती न्हाई तितं?"

तेव्हाही मी थांबलो नाही. शिकवण्याच्या भरात होतो. "शिंपडल्यासारखी. बाकी खडक उघडाच."

"पर वरनं पडती म्हनला हुता."

"पडते. पण हजार वर्षांत बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही."

 ते उठले, बाकावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. "मंजी पोरगं उघड्यावर हाय," असं म्हणून ते बाहेर गेले. खडू माझ्या हातातच राहिला होता.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. गावोगाव जुन्या विहिरी खोल करायचं काम निघालं आणि दस्तगीरभाईंसाठी माणसं सायकलींवरून येऊ लागली. त्यांनी एकही काम घेतलं नाही. पाटलांनी स्वतः येऊन विनवलं. "दगडाला हात लावनार न्हाई," एवढंच उत्तर मिळालं. नंतर ते मला बांधबंदिस्तीच्या दुष्काळी कामावर दिसले. पन्नाशी उलटलेला, सुरुंगाचा एवढा जाणकार माणूस बायकांच्या रांगेत मातीच्या पाट्या वाहत होता. खोकत होता. मी हाक मारली. त्यांनी मान हलवली, पाटी रिकामी केली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले. मला पुढे जाऊन बोलण्याचा धीर झाला नाही. त्या उन्हाळ्यात मी सांगलीला बदली मागून घेतली. कारण म्हणून आईची तब्येत सांगितली. आई धडधाकट होती.

तीन-चार वर्षांनी खातूनबींचा निरोप आला. दस्तगीरभाईंना सांगलीच्या दवाखान्यात आणलं होतं. मी गेलो तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. आडवं झालं की श्वास घेता येत नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. फुप्फुसांत दगडाची भुकटी बसली आहे, आता काही करता येण्यासारखं नाही, आठवडाही निघेलसं वाटत नाही, घरच्यांना तुम्ही सांगा, म्हणाले. मी खातूनबींना काही सांगितलं नाही. खाटेशी जाऊन बसलो.

दस्तगीरभाईंनी दुसरं काहीच विचारलं नाही. "मास्तर, त्यो तळ सरकतो म्हनला हुता."

"हो."

"कुनीकडं?"

"आपल्याकडच्या अंगाला."

"मग पोरगं जवळ याय लागलंय का?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. तो तळ आणि आपली जमीन एकाच थराचे. तळ सरकतो तशी जमीनही त्याच वेगाने पुढे जाते. लाख वर्षं गेली तरी त्या दोघांतलं अंतर वीतभरही कमी होणार नाही.

"येतंय," मी म्हणालो. "हळूहळू. पण येतंय."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी नजर काढून घेतली. दोन-चार श्वास त्यांनी कष्टाने घेतले आणि मग अगदी सावकाश म्हणाले, "तुमी मला खोटं कवा सांगितलं न्हाई. आज सांगताय. डाक्टर काय म्हनला तुमाला?"

मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करू लागलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उशीवर मान कलती करून तोंड भिंतीकडे केलं. मी तासभर बसलो, पण ते वळले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते गेले. मी तेव्हा वर्गावर होतो.