पाइपचं दुसरं टोक

बायको लग्नाचे मोठे केक करते. साखरेच्या कणकेची, म्हणजे फाँडंटची, ओट्याएवढी पोळी लाटून पाइपवर गुंडाळते आणि केकवर अलगद सोडते. पाइपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. पूर्वी ती हाक मारायची, "जरा येता का?" मी "आलो" म्हणायचो आणि जात नसे. पोळी वाळून तडकायची. मला काही काम नसायचं, हेही सांगून टाकतो. हाका थांबल्या तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं.

आता ते टोक माझ्या टेबलापुढच्या चाकांच्या खुर्चीच्या पाठीवर असतं. पायाने खुर्ची सरकवत ती पोळी सोडते. एक सुरकुती पडत नाही.

आज मी पुढे झालो.

"राहू द्या," ती म्हणाली, "मला खुर्चीची सवय झालीय."

आवाजात राग नव्हता. मी उभाच राहिलो. बसायलाही खुर्ची नव्हती.