फोनला लावलेली लाल पाटी

चहा होईपर्यंत बसा. परवा आमच्या अवधपुरीत नेट गेलं, सगळी कॉलनी गेटवर जमून कंपनीच्या नावाने ओरडत होती आणि हा म्हातारा एकटाच खुर्चीत गप्प का बसला होता, असं विचारलंत ना? त्याचं मूळ जुनं आहे. आपलीच फजिती आपल्या तोंडाने काय सांगायची, पण तुम्ही घरचेच आहात.

तेव्हा आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, क्वार्टरमध्ये राहायचो. मी मेंटेनन्सला फिटर. शिक्षण बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. आमच्या ओळीत फोन एकच, तो आमच्याकडे. हिने त्याला क्रोशाचं झाकण विणलं होतं. फोन आमचा, पण नंबर सगळ्या ओळीचा. ज्याने त्याने आपल्या गावी तोच देऊन ठेवलेला. घंटी वाजली की ही अंगणात जाऊन हाक मारायची आणि शेजारचे तिवारीजी अर्धी दाढी केलेले, लुंगी सावरत पळत यायचे. मग त्यांची रीव्याची म्हातारी आई काय म्हणाली ते आम्हा सगळ्यांना कळायचं, कारण तिवारीजी प्रत्येक वाक्य परत म्हणायचे.

त्या सुमारास आमच्या वंदनाला अकोल्याचे वानखडे पाहून गेले. मुलगा शाळेत मास्तर. वडील आयुष्यभर वीजघरात काम करून नुकतेच घरी बसलेले. मुलगा वंदनाला आवडला होता. एरवी भांड्यांना हात न लावणाऱ्या मुलीने त्याची कपबशी स्वतः धुतली आणि पुसून वरच्या फळीवर ठेवली. बापाला तेवढं कळतं.

निघताना वानखडे म्हणाले, "घरात एकदा बोलतो आणि रविवारपर्यंत फोन करतो."

आणि दुसऱ्या दिवशी फोन मेला. कानाला लावला तर आत काहीच नाही.

मी सायकल काढली, टेलिफोन एक्स्चेंजला गेलो. खिडकीतला माणूस वर न बघता म्हणाला, "लिख लिया दादा, लाइनमैन आएगा."

आता इथे माझा गाढवपणा सुरू होतो, नीट ऐका.

आमच्या कारखान्यात एक नियम होता. मशीन बिघडलं की आधी त्याची वीज तोडायची, मग त्यावर लाल पाटी अडकवायची, 'मरम्मत चालू है, हाथ न लगाएँ'. आणि ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कोणी, अगदी साहेबानेसुद्धा, हात लावायचा नाही. आत कोणाचा तरी हात असतो ना. एकाची बोटं जाताना मी पाहिली होती. तेव्हापासून हा नियम माझ्या अंगातच मुरला होता.

घरी आल्यावर माझ्या मनात आलं, लाइनमन बिचारा खांबावर चढणार. आपल्या बाजूने तारेत काही गेलं तर? कोणाचा तरी मुलगा असेल तो. म्हणून मी भिंतीवरच्या डबीतून फोनची पिन काढून ठेवली, आणि डब्याच्या पिशवीत राहून गेलेली कारखान्याची लाल पाटी क्रोशाच्या झाकणावर अडकवली.

हिने विचारलं, "हे काय?"

"लाइनमन येईपर्यंत हात लावू नका."

तिवारीजी चौकशीला आले. त्यांनी पाटी पाहिली, मान डोलावली. तेही कारखान्यातलेच. "सही किया गावंडेजी. सेफ्टी फर्स्ट."

लाइनमन काही आला नाही. मी रोज एक्स्चेंजला जायचो. तिथे आता उत्तर बदललं होतं. "आपकी लाइन तो ठीक है, दादा."

"ठीक कैसे है? घर में आवाज़ ही नहीं."

"हमारे यहाँ ठीक दिखा रही है."

घरी वंदना फोनजवळ बसून भाजी निवडायची. एकदा हळूच म्हणाली, "बाबा, पिन लावून बघू का एकदा?"

मी म्हणालो, "ज्याने पाटी लावली त्यानेच काढायची, बाळ. आणि लाइनमन आल्याशिवाय मी काढणार नाही."

ती बिचारी परत मेथी निवडायला लागली. निवडलेलीच मेथी.

रविवार उजाडला. सकाळीच ओळीतली मंडळी अंगणात जमली. तिवारीजींना आईची काळजी, कोणाचा भाऊ यायचा होता, कोणाची बदली अडकली होती. तिवारीजी म्हणाले, "लड़की की ज़िंदगी का सवाल है, आज फ़ैसला करके आएँगे." मी नको नको म्हणत होतो, पण माझं 'नको' पूर्ण होईपर्यंत सगळे सायकलींवर बसले होते.

एक्स्चेंजमध्ये त्या दिवशी एक साहेब होते. तिवारीजींनी टेबलावर हात आपटून भाषण केलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा नंबर फिरवला. मग रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

घंटी जात होती. ट्रिंग ट्रिंग, अगदी स्वच्छ.

"जा रही है ना?" साहेब म्हणाले. "कोई उठा नहीं रहा."

तिवारीजी म्हणाले, "भाभीजी फोन के पास बैठी हैं. सुबह से बैठी हैं."

"तो उठाती क्यों नहीं? घर में झगड़ा हुआ है क्या?"

सगळी ओळ माझ्याकडे बघायला लागली.

"इनके घर झगड़ा हो ही नहीं सकता," तिवारीजी म्हणाले. "ये एक बात पूरी करें, तब तक भाभीजी दो वक़्त की रोटी बना लेती हैं."

सगळे हसले. साहेबांनी कंटाळून गफूरभाई नावाच्या लाइनमनला आमच्याबरोबर पाठवलं. आम्ही त्याला मिरवतच घरी आणलं. ही आरतीचं ताट घेऊन दारात उभी नव्हती इतकंच.

गफूरभाई आत आला. फोनकडे बघितलं. पाटी वाचली. भिंतीकडे बघितलं. मग लोंबकळणारी पिन दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली.

"ये किसने निकाली?"

मी हळूच म्हणालो, "मैंने. आपको करंट न लगे इसलिए."

"लाइन तो मैंने नुक्कड़ के खंभे से उसी शाम जोड़ दी थी, चचा."

त्याने पिन डबीत बसवली. हात काढतो न काढतो तोच फोन वाजला.

वानखडेच होते. "अहो गावंडे, केव्हापासून लावतोय. घंटी जाते, कोणी उचलत नाही. घरात सगळे म्हणाले, मुलीकडच्यांना नको असेल, तोंडावर सांगवत नसेल. मी म्हटलं, शेवटचा लावून बघतो, नाहीतर विषय सोडू."

पाठीमागे सगळी ओळ, दारात गफूरभाई, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून वंदना. लाइन बिघडली होती म्हणावं, असं मनात आलं. पण तिचा चेहरा बघितला. म्हटलं, सोयरिकीची सुरुवात खोट्याने नको.

"वानखडेसाहेब," मी म्हणालो, "पिन मीच काढून ठेवली होती. लाइनमनला झटका बसू नये म्हणून."

तिकडे शांतता. इतका वेळ, की लाइन परत गेली असं मला वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "पाटी लावली होती का?"

"लावली होती. लाल."

"मग ठीक आहे," वानखडे म्हणाले. "आमच्याकडेही तोच नियम. साखरपुड्याची तारीख काढा."

मी मागे वळून नुसती मान हलवली. वंदना आत पळाली. वरच्या फळीवरची ती कपबशी काढून तिने पहिला चहा गफूरभाईला दिला. लग्नातही तो पहिल्या पंगतीला होता.

ती लाल पाटी हिने जपून ठेवली आहे. परवा नेट गेलं, तेव्हा मी सवयीने उठलो, म्हटलं त्या नेटच्या डब्याची वायर जरा बघावी. हिने मला खांद्याला धरून परत खुर्चीत बसवलं, कपाटातून पाटी काढली, माझ्या खुर्चीला अडकवली आणि भजनाला निघून गेली.

आता नियम तुम्हाला माहीत आहे. ज्याने लावली त्यानेच काढायची. भजन लांबलं.