दुपारच्या बॅचची बरणी

बुलढाण्याहून निघालो तेव्हा बॅगेत दोन शर्ट, एक कोरी फ्लॉपी आणि कानात आपल्या प्राचार्यांचं वाक्य होतं: "नीट बघून ये. आपल्याला तस्संच करायचंय." आल्या आल्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसलोय आणि सुचेल तसं टाईप करतोय. चुका झाल्या तर समजून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा. कारण नीट बघून आलोय, आणि तस्संच करायचं की नाही हे आता मला एकट्याला ठरवता येत नाहीये.

आधी, गेलो कशाला ते सांगतो. विद्यापीठं प्राध्यापकांना संशोधनासाठी अनुदान देतात हे आपल्याला माहीत आहे. कुणाला रसायनांसाठी, कुणाला किड्यांसाठी, कुणाला शिलालेखांसाठी. पण आपण वर्गात जे शिकवतो ते पोरांच्या डोक्यात शिरतं का, यावरही अनुदान मिळतं हे कळलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये उडीच मारली होती! कोल्हापूरच्या एका कॉलेजात विद्या सरनाईक म्हणून फिजिक्सच्या मॅडम आहेत, त्यांना ते मिळालं होतं. आपल्यालाही तसा प्रस्ताव पाठवायचाय, म्हणून त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "या की. घरीच उतरा."

पुण्याला गाडी बदलून कोल्हापूरला पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. मॅडमचं घर मंगळवार पेठेत. रिक्षा गल्लीत शिरली आणि थांबलीच, कारण समोर म्हशी! रस्त्याच्या कडेला म्हैस उभी, तिथंच धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात. लोक उभ्यानं पिऊन ऑफिसला जातात. रिक्षावाला म्हणाला, "पावणं, एक ग्लास मारा, मग पुढं जाऊया." (पावणं म्हणजे पाहुणे. इथं अनोळखी माणूस पाहुणाच.) मारला. कोमट होतं, आणि मिशीला फेस लागला तो तसाच घेऊन मॅडमच्या दारात उभा राहिलो.

मॅडम पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज खणखणीत. चहा झाल्यावर लगेच कॉलेजला. साडेसातला सकाळची बॅच. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष.

मित्रांनो, मी असा तास आयुष्यात बघितला नव्हता! टेबलावर रुंद तोंडाची पारदर्शक बरणी, त्यात पाणी. पाण्यावर स्टीलची वाटी तरंगतेय आणि वाटीत पावशेराचं लोखंडी वजन. मॅडमनी पाण्याच्या पातळीला स्केचपेननं रेघ मारली आणि विचारलं, "हे वजन वाटीतनं काढून पाण्यात सोडलं, तर पाणी रेघेच्या वर जाईल, खाली जाईल, की तिथंच राहील? बोलू नका. आधी लिहा. मग शेजारच्याशी भांडा."

आणि पोरं भांडली! "अरे वजन बुडलं म्हणजे पाणी वरच येणार की!" "येडा हायस काय, वजन आधीपण बरणीतच होतं." एक मुलगी तर बाकावर चढली. दहा मिनिटं नुसता गोंधळ, आणि मॅडम हाताची घडी घालून हसत उभ्या. मग वजन सोडलं. पाणी खाली गेलं. सगळा वर्ग "आँ?" करून पुढं झुकला. मीही झुकलो, आणि मी फिजिक्स शिकवतो! वाटीत असताना ते वजन स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं, बुडाल्यावर फक्त स्वतःच्या आकाराएवढं. हे मला माहीत होतं. पण असं कळलेलं नव्हतं.

दुपारी बाराला दुसरी बॅच. मी उत्साहात पुढच्याच बाकावर जाऊन बसलो. मॅडम आल्या, फळ्यावर 'तरणशक्तीचे नियम' लिहिलं आणि म्हणाल्या, "लिहून घ्या." चाळीस मिनिटं फळा आणि वही. टेबलाच्या कोपऱ्यात सकाळची बरणी तशीच होती, वजन तळाशी. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, ती बरणी कशाला हाय?"

मॅडम फळ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "पुढचं वाक्य घ्या."

बाहेर आल्यावर त्यांनी मला समजावलं. दोन्ही बॅचना धडा एकच, परीक्षा एकच, पद्धत वेगळी. वर्षअखेर दोघांच्या उत्तरांची तुलना. "तुलनाच नसंल तर मला वाटतं म्हणून कोण ऐकणार? उद्या सगळ्या कॉलेजांत असं शिकवा म्हणायचं तर पुरावा लागतो, सर." बरोबरच होतं. मी मान डोलावली. पण त्यांचा खणखणीत आवाज जरा खाली आला होता.

गेटपाशी तीच मुलगी उभी. सुजाता कांबळे, मुरगूडची. शेजारी तिचे वडील, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, शिफ्ट सुटल्यावर तसेच आलेले, बाह्यांवर काळी माती. मॅडम मीटिंगला गेलेल्या, म्हणून ते मला भेटले.

"तुमी बुलढाण्याचं सर न्हवं? पोरगी सांगत हुती. मॅडम उद्या भेटतील?"

"भेटतील. काही काम होतं का?"

"हाय जरा, पोरीच्या बॅचचं. तुमी आज काय करतायसा? चला की मुरगूडला. गाव बघा, भाकरी खावा, उद्या पोरीसंगं या."

मी नको म्हणायच्या आत त्यांनी माझी बॅग उचलली होती. एसटीडी बूथवरून मॅडमना निरोप ठेवला आणि निघालो.

कागल सोडलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. सुजाता खिडकीशी बसून सांगत होती की पहिली गाडी पकडली तरी साडेनऊशिवाय कोल्हापूर येत नाही, म्हणून मुरगूडची, कागलची, खेड्यांतली सगळी पोरं दुपारच्या बॅचला. "मी तर मॅडमना बोललो होतो, एकदा सकाळच्या तासाला बसू द्या म्हणून. नको म्हणाल्या." (इथं मुलीही 'बोललो', 'आलो' म्हणतात. ऐकायला छान वाटतं.) मग हळूच विचारलं, "सर, आम्ही ढ आहोत म्हणून आम्हाला वेगळं ठेवलंय का?"

मी जोरजोरात नाही म्हणालो. तिला ते पटलं नाही, हे दिसत होतं.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची तसबीर. जोंधळ्याची भाकरी (जोंधळा म्हणजे आपली ज्वारी), दही आणि मिरचीचा खर्डा. मी शहाणपणा करून खर्डा भाजीसारखा घेतला. पुढची पाच मिनिटं सुजाताची आई मला गूळ भरवत होती आणि कांबळे खो खो हसत होते. "पावणं, खर्डा बोटानं चाटायचा असतोय, घासानं न्हाय!"

जेवण झालं आणि सुजातानं विचारलंच. "सर, सकाळी त्या बरणीचं काय केलं?"

मला माहीत होतं की सांगायचं नाही. पण ज्यांच्या घरची भाकरी आत्ताच पोटात गेली, त्यांना काय म्हणणार, तुमच्यासाठी नाही? म्हणालो, "एक भगुलं आणा. आत मावेल अशी वाटी. आणि काहीतरी जड."

कांबळेंनी दाराला टेकू म्हणून ठेवलेला बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तुकडा आणला. पातळीला सुजाताच्या आईनं पिठाचं बोट लावलं. मी प्रश्न विचारला आणि घरात भांडण पेटलं.

"वर येणार," कांबळे.

"खाली जाईल बाबा."

"लोखंड बुडल्यावर पाणी खाली जातंय व्हय? अठरा वर्सं बीड ओततोय मी!"

"ओतताय, बुडवत नाही!" आई म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

तुकडा सोडला. पाणी पिठाच्या खुणेखाली गेलं. सुजाता ओरडलीच, मग स्वतःच कारण शोधत बसली, चुकली, परत शोधलं, सापडलं. चेहरा असा उजळला की मला आपली सगळी पोरं आठवली. कांबळे मात्र हसायचे थांबले होते.

"हे सकाळच्यांना दावलं?"

"हो."

"आणि हिला फळ्यावरनं लिवून दिलं."

मी अनुदान, तुलना, पुरावा, सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं.

"वाटण्या करताना आडनावं बघितली काय?"

"नाही हो! गाडीच्या वेळेनं झालंय ते. खरंच."

"एष्टीची वेळ कुणाला असतीया, सर? पेठेतल्यांस्नी?" ते भगुल्याकडं बघत राहिले. "माझा आजा पंगतीच्या भाईर बसायचा. वाढपी लांबनं टाकायचा. आमी धम्म घेतला, शिकलो, पंगतीत आलो. आता पंगत एकच हाय, पर वाढपी दोन प्रकारचं वाढालाय."

मी भगुल्यातला तुकडा काढून परत दाराला टेकवला.

दुसऱ्या दिवशी कांबळेंनी खाडा केला आणि आमच्यासोबत आले. मॅडमच्या खोलीत आम्ही चौघं. मी आधीच सांगून टाकलं की मी सुजाताला प्रयोग दाखवला. मॅडम भडकल्या. "कुणी सांगितलंतं तुम्हाला? बघायला आलायसा का बिघडवायला?"

"त्यांच्यावर नगा ओरडू," कांबळे म्हणाले. "मला सांगा, माझ्या पोरीला पाण्याचं कवा दावणार?"

"पुढच्या वर्षी सगळ्यांना, कांबळे. हे सिद्ध झालं की सगळ्यांना. तुमच्या गावातनं येणाऱ्या प्रत्येक पोराला."

"पुढच्या वर्षी माझी पोरगी पयल्या वर्षाला नसणार, मॅडम. पयलं वर्ष एकदाच असतंय."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "सुजाता, तू सकाळच्या बॅचला ये. राहायची सोय माझ्या घरी करते."

मला वाटलं, सुटलं! कांबळेंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी पोरीकडं आशेनं बघितलं. सुजातानं पायाच्या अंगठ्याकडं बघत सांगितलं, "एकटी मी न्हाय येणार. सगळ्यांना घ्या."

मॅडम खुणेनंच आम्हाला जा म्हणाल्या.

बाराच्या तासाला मी मागं बसलो. कांबळे दाराबाहेर उभे. मॅडम आल्या त्या बरणी घेऊन. पाणी, वाटी, वजन, रेघ. प्रश्न विचारला आणि सगळा वर्ग एका सुरात, "खाली जातंय!" सुजातानं एसटीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं! मॅडमना हसू आलं, दुपारच्या वर्गात पहिल्यांदाच. "बरं. का जातंय?"

काहींनी वह्या उघडल्या. मग मागून एकजण काहीतरी बोलला, दुसऱ्यानं त्याला खोडलं, आणि पाच मिनिटांत या वर्गाचाही आवाज व्हरांड्यात जायला लागला. दारातून कांबळे कधी गेले ते कळलं नाही.

संध्याकाळी मॅडम मला बसस्टँडवर सोडायला आल्या. म्हणाल्या, "अहवालात लिहिणार, तुलना मी मोडली म्हणून. पुढचं अनुदान बहुतेक मिळत नाही आता."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय की. खोटं कशाला बोलू? हे सिद्ध व्हायला पाहिजे होतं, सर." गाडी हलली तरी त्या उभ्याच होत्या.

परत आलो आणि प्राचार्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भावना ठीक आहेत, पण तुलनेशिवाय आपला प्रस्ताव पास होणार नाही. दोन गट कर. सकाळी नवीन, दुपारी जुनं."

मी म्हणालो, "दुपारी म्हणजे चिखलीकडच्या उशिराच्या गाडीची पोरं, सर."

त्यांचं पेन थांबलं. "त्या गाडीनं तर माझी भाची येते." मग हळू आवाजात, "तिला सकाळच्या गटात घेता येईल का?"

"विचारून बघतो सर," मी म्हणालो. "तिलाच."