चंद्राबाई ओ उशिरा द्यायची

सरहद्दीवर मला गोळी लागली नाही. खेचराची लाथ लागली. उजवा गुडघा गेला. मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरसाहेबानं गुडघा दाबला, माझं तोंड वाकडं झालेलं बघितलं आणि कागदावर ‘अनफिट’ लिहिलं. एकोणीसशे अठ्ठावीसच्या पावसाळ्यात मी नाईकाच्या हुद्द्यावरून डिस्चार्ज होऊन सोलापूर स्टेशनावर उतरलो. वय तेवीस. सामान म्हणजे एक ट्रंक, एक कांबळं आणि अख्ख्या पलटणीचे आवाज.

आवाजाचं सांगतो. मला नकला येतात. माढ्याच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून छड्या खाल्ल्या, पलटणीत कंपनी कमांडरची नक्कल करून पाठीवर ओझं बांधून पॅक ड्रिल खाल्लं. सुभेदारसाहेबांचा खोकला मी असा काढायचो की बराकीतले जवान पटापट बिड्या विझवायचे. एकदा खुद्द सुभेदारसाहेबांनीच विझवली.

लोक मला सरहद्दीचं विचारतात. तिथं मी दोन वर्षं होतो, आणि खेचरं माझ्यापेक्षा जास्त. सांगण्यासारखी पोस्टिंग मला त्यानंतर मिळाली, शुक्रवार पेठेत. सरकारी रेकॉर्डात तिची नोंद नाही.

पेठेत मुलींची शाळा होती. तिच्या मोठ्या बाई पांढरं लुगडं नेसायच्या आणि कुणाशीही बोलताना सरळ डोळ्यांत बघायच्या. त्यांनी शाळेमागच्या अंगणात बायकांसाठी लाठीचा वर्ग काढायचं ठरवलं होतं. म्हातारे वस्ताद बायकांना शिकवायला तयार होईनात. कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी म्हटलं, बाई, गावच्या तालमीत लाठी फिरवलीय, पलटणीत बेनट, म्हणजे संगीन, शिकलो, पण बायकांना शिकवणं मला जमायचं नाही.

बाई म्हणाल्या, "खेचरं सांभाळलीत ना?"

"सांभाळली."

"मग धीर असेल तुमच्याकडे. सोमवारी या."

परेड रोज दुपारी चारला. त्याआधी घरातली आवराआवर, त्यानंतर चुली. मधला तेवढा वेळ बायकांचा. पहिल्या दिवशी बारा जणी आल्या. मिलमध्ये रिळावर बसणाऱ्या होत्या, तेलुगू विणकरांच्या घरातल्या होत्या, एक कारकुनाची बायको होती. सगळ्या नऊवारीचा काष्टा घट्ट मारून उभ्या. मी पलटणीच्या थाटात हुकूम दिला, बांगड्या उतरवा.

एकही हलली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. परत हुकूम दिला. तेव्हा डाव्या टोकाची एक जण बोलली. अंगानं बारीक, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती चंद्राबाई. मिलमधल्या एका विणकराची बायको.

"मालक धडधाकट हायत माझे," ती म्हणाली. "बांगड्या काय म्हनून उतरू?"

"ड्रिलला बांगड्या चालत नाहीत."

"मग ड्रिलला सांगा की, जरा सवय करून घे म्हनावं."

बारा जणी हसल्या. मी पण हसलो असतो, पण परेडवर होतो.

दुसऱ्या दिवशी चंद्राबाईनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणल्या. मनगटापासून वर, बांगड्यांवरून चिंधी घट्ट गुंडाळायची, म्हणजे काच वाजत नाही आणि फुटत नाही. उरलेल्या शेपटाचा एक वेढा लाठीला द्यायचा आणि टोक खोचायचं. हाताला घाम आला तरी लाठी सुटत नाही. पलटणीत निशाणा धरताना आम्ही रायफलीचा स्लिंग, म्हणजे पट्टा, दंडाला गुंडाळायचो, ते मला इन्स्ट्रक्टरनं दोन महिने शिकवलं होतं. हिला कुणी शिकवलं नव्हतं. आठवड्याभरात सगळ्यांच्या हाताला चिंध्या आल्या.

चंद्राबाईची चिंधी मात्र सगळ्यात लांब, आणि ती सगळ्यात सावकाश गुंडाळायची. कारण तिची सासू. म्हातारीनं वर्गाला परवानगी दिली होती ती एका अटीवर. सुनेची एक जरी बांगडी फुटली तर वर्ग बंद. सवाष्णीच्या हातातली काच फुटणं म्हणजे मुलाच्या जिवाला अपशकुन, असं तिचं पक्कं. रोज संध्याकाळी चंद्राबाई घरी गेली की म्हातारी तिचा हात हातात घ्यायची, चिंधी सोडायची आणि एकेक बांगडी फिरवून बघायची. पलटणीत आमच्या रायफली कुणी एवढ्या बारकाईनं तपासल्या नाहीत.

म्हणून हजेरीला चंद्राबाईची ओ उशिरा यायची. मी नाव घेतलं की तिचं चिंधीचं टोक दातात असायचं. सगळी परेड थांबायची. मग खालमानेनं, नाकातून थोडं, आवाज यायचा, "हाय की, मास्तर."

मी त्याची नक्कल करायचो. शेपूट दातात धरल्यासारखं करून "हाय की, मास्तर". बायका पोट धरून हसायच्या. चंद्राबाई म्हणायची, मास्तर, तुमाला पलटणीतनं लाथ खेचरानं न्हाय घातली, सायबानं घातली असंल.

आता लाठीचं. लाठी शिकवणं सोपं, त्याच्या आधीचं अवघड. या बायकांचा हात खांद्याच्या वर कधी जायचा? फळीवरचा डबा काढताना आणि दोरीवर कपडे टाकताना. डोक्यावरून लाठी फिरवायची म्हटली की त्या मान खाली घालायच्या, जणू वरून कुणीतरी मारणार आहे. आणि आवाज. मी म्हटलं, वार करताना ओरडा. तोंडं उघडायची, आवाज नाही. लक्ष्मी म्हणून अठरा वर्षांची पोर होती, तेलुगू विणकरांच्या घरातली; मराठीत स्वतःला ‘करतो, जातो’ म्हणायची. ती लाठी सगळ्यात जोरात मारायची आणि ओरडायची मात्र मांजराएवढी. मी विचारलं, घरी भांडत नाहीस का गं? ती म्हणाली, भांडतो की, हळू हळू भांडतो.

मग मी महिनाभर लाठी बाजूला ठेवली आणि नुसतं ओरडायला शिकवलं. मी कमांडरसाहेबाच्या आवाजात हुकूम द्यायचा, पहिलीनं तो दुसरीला द्यायचा, दुसरीनं तिसरीला, रांगेच्या टोकापर्यंत. डोंगरात पिकेटवरनं पिकेटवर, एका चौकीवरनं दुसरीवर, आम्ही असाच निरोप द्यायचो. दिवाळीपर्यंत शेजारच्या गल्लीतनं तक्रार आली. मोठ्या बाईंनी मला पेढा दिला.

परेड सुटली की चंद्राबाई पाच मिनिटं रेंगाळायची. पलटणीचं विचारायची. सकाळी कोण उठवतं? मी तोंडानं बिगुल वाजवून दाखवायचो. ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, आनी एकदा. तिकडं बर्फ दिसतो का? तिथं तुमाला कुनी वळखत न्हवतं ना? मग कसं वाटायचं? मी म्हणायचो, भूक लागल्यासारखं. एकदा ती अंगणाच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "मास्तर, शिकलो आमी. पर आमाला धाडनार कुटं? मला एकदा तरी ड्युटी पायजे. खरीखुरी. येकदाच."

मी मोठ्या बाईंना सांगितलं. बाईंनी ते मनावर घेतलं.

शहराबाहेर तळ्याकाठी माघात एका देवीची जत्रा भरायची. देवळाकडं जायची बायकांची वाट तळ्याच्या कडेनं. एका अंगाला दुकानांची पालं, दुसऱ्या अंगाला पाणी, आणि कडेचा दगडी कठडा जागोजाग ढासळलेला. दरवर्षी एखादं पोर पाण्यात पडायचं. बाईंनी जत्रेच्या पंचांना गाठलं. आमच्या बायका तिथं कठड्यासारख्या उभ्या राहतील, म्हणाल्या. पंच हसले. मग म्हणाले, राहू द्या, नुसतं उभं तर राहायचंय. पण काही गडबड झाली तर पुन्हा वर्गाचं नाव काढायचं नाही.

ड्युटीची ऑर्डर मी परेडवर वाचून दाखवली. चंद्राबाईनं टोकाची जागा मागितली. मला वाटतं तिला तिथनं मोकळं तळं दिसणार होतं.

सकाळी आठला आम्ही जागेवर होतो. लाठ्या आडव्या, टोकाला टोक. प्रत्येकीची लाठी उजव्या हातात, चिंधीच्या वेढ्यानं बांधलेली. त्याच लाठीचं दुसरं टोक शेजारणीच्या डाव्या हातात. सगळ्यात शेवटी चंद्राबाई. तिचा डावा हात कठड्याच्या उरलेल्या खांबावर, तिच्या लाठीचं दुसरं टोक लक्ष्मीच्या हातात. मी दुसऱ्या टोकाला, शिट्टी घेऊन. दिवसभर काही झालं नाही. दोन पोरं घसरली, लाठीला अडकली, रडली, बत्तासे खाऊन गप्प झाली. दर्शनाला जाणाऱ्या बायका आमच्या बायकांकडं वळून वळून बघत होत्या. एका म्हातारीनं चंद्राबाईला विचारलं, पोरी, सरकारनं उभं केलं का तुला? ती म्हणाली, न्हाय आजी, मीच ऱ्हायली.

दुपारी फेरी मारत टोकापर्यंत गेलो तेव्हा तिनं मला एवढंच सांगितलं, "बरं वाटतंय मास्तर. भूक लागल्यावानी."

साडेपाचच्या सुमाराला भज्यांच्या पालाला आग लागली. कढईतलं तेल पेटलं आणि वरच्या तरटानं धरलं. आग मोठी नव्हती. पण धूर वाटेवर आला, कुणीतरी किंचाळलं, आणि सगळी रांग एकदम तळ्याच्या बाजूला फिरली. शे-दीडशे बाया, कडेवर पोरं.

मी शिट्टी मारली आणि हुकूम दिला, "लाइन, काठी धर!"

पहिलीनं तो दुसरीला दिला. दुसरीनं तिसरीला. मी ऐकत होतो. धुरातनं आवाज पुढं पुढं जात होता, एकेक बाई पेटल्यासारखी ओरडत होती. टोकापर्यंत पोचला. आणि टोकाकडनं, गर्दीच्या वरनं, खणखणीत ओ आली.

"हाय की, मास्तर!"

त्या दिवशी तिला उशीर झाला नाही. चिंधी सकाळीच गुंडाळलेली होती.

गर्दी लाठ्यांवर येऊन आदळली. लाइन वाकली. मी गुडघा ओढत पुढं निघालो, पण माझ्या आणि टोकाच्या मध्ये माणसंच माणसं. मला एवढंच दिसलं की लाइनीचं टोक पाण्याकडं झुकलं, फार झुकलं, आणि मग एकदम सरळ झालं. सगळ्या बायका ओरडत होत्या, काठी धर, काठी धर. लाइन तुटली नाही. थोड्या वेळात गड्यांनी पाल पाडलं, पाणी ओतलं, धूर कमी झाला, माणसं मागं सरली. पाण्यात एकही पोर गेलं नाही.

मी तिथंच फॉल-इन केलं आणि हजेरी घेतली. हातापायाला खरचटलेलं, पदर फाटलेले, पण एकेक ओ येत होती. चंद्राबाईचं नाव घेतलं. ओ आली नाही. मी थांबलो. तिला उशीर व्हायचाच.

लक्ष्मीच्या हातात दोन लाठ्या होत्या. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "अक्कानं सोडली, मास्तर. खांब पडला, अक्का पाण्यात गेली. मी ओढत होतो. मी पण चाललो होतो खाली. मग अक्कानं वेढा सोडला. दातानं. मी न्हाय सोडली, मास्तर. मी न्हाय सोडली."

मी म्हटलं, माहितीय. ॲट ईज.

दिवस बुडायच्या आत कोळ्यांनी तिला बाहेर काढलं. नवरा मिलमधनं धावत आला आणि लांबच बसला. सासू जवळ आली. तिनं चंद्राबाईचा उजवा हात मांडीवर घेतला. ओली चिंधी सोडली, घाई न करता. एकेक बांगडी फिरवून बघितली. मग दुसरा हात.

"येक बी न्हाय फुटली," ती म्हणाली. आम्हा सगळ्यांना सांगितल्यासारखं.

पंचांनी पुढं वर्गाचं काही काढलं नाही. पण घरोघरच्यांनी काढलं, बायकांना पाठवायचं बंद केलं. चौदाव्या दिवशी परेडला चौघी आल्या, आणि त्यात लक्ष्मी. मी हजेरी सुरू करणार तेवढ्यात अंगणाच्या दारात म्हातारी उभी. चंद्राबाईची सासू. मला वाटलं आता शिव्या. मोठ्या बाई पुढं झाल्या, तिनं हातानंच थांबवलं. माझ्यासमोर आली. नजर माझ्या गुडघ्यावर.

"तू नकला करतोस म्हनं. ती सांगायची. लई हसायची."

तिनं नजर वर केली.

"तिची कर."

मी पलटणीत मेलेल्या माणसाची नक्कल कधी केली नव्हती. असा नियम कुठं लिहिलेला नाही, पण आम्ही कुणी करत नव्हतो. मी मोठ्या बाईंकडं बघितलं. त्या जमिनीकडं बघत होत्या. चौघी आपोआप अटेन्शनला आल्या.

मी हजेरी घेतली. चंद्राबाईचं नाव घेतलं. आणि खालमानेनं, नाकातनं, म्हटलं, "हाय की, मास्तर."

म्हातारीनं मान हलवली. "न्हाय. एवढ्या लौकर न्हवती देत."

मी परत नाव घेतलं. या वेळी थांबलो. मनगटापासून वर, एकावर एक वेढे, बांगड्या झाकेपर्यंत. मग शेपूट दातात, लाठीला एक वेढा, टोक खोचलं. भिंतीपलीकडनं मिलचा भोंगा झाला. मग ओ दिली.

म्हातारीनं कमरेला खोचलेली चंद्राबाईची चिंधी काढली, धुऊन वाळवलेली, आणि लक्ष्मीच्या हातात दिली. "ही गुंडाळ. तुजी लई आखूड हाय, तळ्यावरच बघितली मी." आणि गेली. पुढच्या आठवड्यात नऊ जणी आल्या. त्यातल्या तिघींना म्हातारीनंच घरी जाऊन आणलं होतं.

वर्ग अजून चालतो. माझा गुडघा थंडीत बोलतो, मी त्याचीही नक्कल करतो. कमांडरसाहेब, सुभेदारसाहेबांचा खोकला, मिलचा भोंगा, सगळं करून दाखवतो. नवीन पोरी हसतात. चंद्राबाईची ओ मी त्या दिवसानंतर पुन्हा काढली नाही.

नाव मात्र घेतो. रोज चारला, डाव्या टोकाचं, शेवटचं. नाव घेऊन एक चिंधी गुंडाळायला लागेल तेवढा वेळ थांबतो. नवीन पोरींना पण आता सवय झालीय, कुणी चुळबूळ करत नाही. मग मी हुकूम देतो आणि लाठ्या वर जातात.