आठशेचा रोल

म्हैसूरच्या बाजारात संध्याकाळी मी कॅमेऱ्यात भर उन्हात वापरायचा शंभरचा रोल घातला, आणि छत्तीसच्या छत्तीस फोटोंत बायकोच्या जागी नुसता हिरवा धूर आला.

निगेटिव्ह घेऊन पौडला ओळखीच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरांच्या स्टुडिओत गेलो. त्यांचा दिवस कचेरीच्या कागदांना लागणारे पासपोर्ट फोटो काढण्यात जातो. फिल्मचे रोल मात्र त्यांनी घरच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी, स्टीलच्या डब्यात जपलेत. गिऱ्हाईक कितीही खोळंबलं तरी चष्मा कपाळावर ढकलून निगेटिव्ह शेवटपर्यंत बघायची, ही त्यांची रीत.

“आता कुटं निघालाय?”

“बनारसला. हिचा एक तरी धड फोटो हवाय. चारशेचा रोल द्या.”

“वैनी फोटोला थांबत्यात का?”

“छे! सतत चार पावलं पुढे.”

“हात करा बगू.” मी केला. डॉक्टरसारखा न्याहाळून म्हणाले, “वैनी थांबत न्हाईत आन् तुमचा हात बी थांबत न्हाई. आठशेचा न्या. गल्लीतल्या उजेडात बी झटक्यात टिपतोय. फोटूत जरा दाणे दिसत्याल, पर माणूस दिसंल.”

डब्यात आठशेचा तो एकच होता, नातीच्या जावळासाठी राखलेला. मी नको म्हणालो.

“नात हितंच हाय. तिला उन्हात बसवीन.”

बनारसचे फोटो जरा दाणेदार, पण स्पष्ट आले. “बघ, सतत चार पावलं पुढे!” मी बायकोला म्हणालो. ती ते बराच वेळ बघत होती.

“पुढे कुठे जातेय मी?” ती म्हणाली. “प्रत्येक फोटोत मागे वळून तुमचीच वाट बघतेय की!”